नवोदित रेकॉर्डिस्टांसाठी सुलभ जोडणी-मार्गदर्शिका

अभिनंदन! ही मार्गदर्शिका उघडलीत त्या अर्थी आपल्याकडे किमान दोन डिजिटल यंत्रं आहेत. एकच असतं तोवर कुणाला मार्गदर्शन लागत नाही. आधी दोन माइकचा इंटरफेस घेतला, त्यात तबला आणि डग्गा बसले, गायकाला जागा उरली नाही, म्हणून आठ माइकचा दुसरा डबा आणला. इथपर्यंत सगळ्यांची कथा सारखीच. दुसऱ्या डब्याबरोबर एक पुस्तिका येते. यंत्रावर पाणी सांडू नये, ते बाथरूममध्ये ठेवू नये, वीज कडाडत असताना प्लग काढून ठेवावा, हे जगातल्या बऱ्याच भाषांतून सांगण्यात तिची निम्मी पानं खर्ची पडलेली असतात. मराठी त्यात नसते. शेवटच्या पानावर वॉरंटीच्या अटी असतात. मधेच कुठेतरी एक ओळ असते : ‘क्लॉकचा योग्य तो सोर्स निवडावा.’ योग्य तो म्हणजे कोणता, हे लिहायचं राहून गेलेलं असतं. ही मार्गदर्शिका त्या एका ओळीपायी लिहावी लागली आहे.

मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओवाल्यांनी हे वाचायची गरज नाही. त्यांच्याकडे या कामासाठी वेगळा टेक्निशियन असतो. यंत्रांच्या मागच्या फूटभर बोळात टॉर्च तोंडात धरून तोच शिरतो, आणि बाहेर आल्यावर आत काय केलं ते कुणालाही सांगत नाही. त्याच्या नोकरीची शाश्वती त्यातच असते. आपला वाचक वेगळा. त्याने घरच्या दुसऱ्या बेडरूमच्या भिंतींना फोम चिकटवला आहे, दारावर ‘रेकॉर्डिंग सुरू आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी लावली आहे, आणि तरीही सगळ्यात चांगल्या टेकमध्ये कुकरची शिट्टी आली आहे. कुकरवरचा उपाय या मार्गदर्शिकेत नाही.

पायरी पहिली : वायर खुपसणे

सगळी यंत्रं बंद करा. आता त्यांची मागची बाजू पाहा. यंत्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असणार, तेव्हा आधी ती ओढा. ओढताना जी वायर निसटेल ती कुठून निसटली, हे लक्षात ठेवा. लक्षात राहणार नाही.

मागे भोकं पुष्कळ असतात. ‘बसेल तिथे बसवा’ ही पद्धत मिक्सरच्या भांड्याला ठीक आहे. इथे घात होतो, कारण इथे नको ते नको तिथे फार छान बसतं. डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडायची लाल-पांढऱ्या टोकांची वायर घरात पडून असते. ती एस्पीडिफच्या भोकात तंतोतंत जाते. एस्पीडिफ ही सोनी आणि फिलिप्स या दोघांनी मिळून ठरवलेली पद्धत. डावा-उजवा दोन्ही आवाज एका वायरीतून नेते. त्या वायरीचा इम्पिडन्स ७५ ओहम असावा असा नियम आहे. लाल-पांढरीला असा कुठलाच नियम नसतो. वाईट म्हणजे फूट-दीड फूट अंतरावर ती बिनबोभाट चालते. चालते म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो, तसलीच एक लांबलचक वायर खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेतो, आणि मग महिनाभर सॉफ्टवेअर अपडेट करत बसतो.

माइकच्या वायरीचं तेच. व्यावसायिक यंत्रांवर एईएस-३ नावाची जोडणी असते, १९८५ सालची. तिचा तीन पिनांचा जॅक आणि माइकचा जॅक एकच. वायर मात्र ११० ओहमची लागते, आणि माइकची वायर तेवढी नसते. दोघी शेजारी ठेवल्या तर त्यांच्या कारखानदारालाही ओळखू येणार नाहीत. म्हणून मास्किंग टेप आणि मार्कर आणा आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. ‘हीच ती’ हे नाव नव्हे. ‘नवीन’ हेही नव्हे. पुढच्या दिवाळीला ती नवीन नसेल.

आता तुमच्या आठ माइकच्या डब्याकडे वळू. त्याच्या मागे, झडप असलेलं एक बारकं चौकोनी भोक असतं आणि त्याच्यावर ‘एडॅट’ असं लिहिलेलं असतं. १९९१ साली अलेसिस या अमेरिकी कंपनीने एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक घेणारं यंत्र लोकांसमोर आणलं. लग्नाच्या शूटिंगला जी कॅसेट वापरत तिचीच जरा उच्च कुळातली बहीण. किंमत चार हजार डॉलरच्या आत ठेवली होती, आणि आठ ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डिंग तोवर फक्त बड्या स्टुडिओंनाच परवडत होतं, त्यामुळे ते यंत्र धडाधड खपलं. पुढे ते यंत्र गेलं, कॅसेटही गेल्या. मागचं चौकोनी भोक तेवढं टिकलं, आणि आज कालच बाजारात आलेल्या यंत्रावरही ते असतं. त्यातून प्लॅस्टिकच्या एका बारीक तंतूवरून आठ माइकचे आवाज उजेडाच्या रूपात जातात. हे ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर. हौसेने ९६ वर गेलात की आठाचे चार होतात, आणि डग्ग्याचा माइक कुठे गेला म्हणून तबलजी विचारतो.

या वायरीच्या दोन्ही टोकांना नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी असते. ती काढा. हे वाक्य आपल्या बुद्धीचा अपमान करण्यासाठी लिहिलेलं नाही. वायर खराब निघाली म्हणून दुकानात भांडायला निघण्यापूर्वी ती टोपी एकदा पाहावी, एवढाच हेतू. वायरीचं एक टोक चालू यंत्राच्या ‘आउट’मध्ये घातलं की दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसतो. दिसला म्हणजे निदान यंत्राकडून काहीतरी निघतं आहे. मात्र नेमकं काय निघतं आहे ते ठिपक्यावरून कळत नाही, कारण याच भोकातून, याच वायरीवरून, दोन आवाजांचं एस्पीडिफही जातं. एक यंत्र एडॅट पाठवतं आहे आणि दुसरं एस्पीडिफची वाट बघतं आहे, असं असेल तर दोन्हीकडे लाल उजेड आणि स्पीकरमध्ये शांतता. ते मेन्यूत बदलावं लागतं. वायर काटकोनात दुमडू नका, पायाखाली घेऊ नका. हिच्यातून वीज जात नसल्यामुळे अर्थिंगचा गूं-गूं आवाज हिच्यावाटे येत नाही, हा हिचा मोठा गुण. तेवढ्यासाठी हिचे लाड करावेत.

शेवटचं : ‘आउट’मधून ‘इन’मध्ये. आउटमधून आउटमध्ये जोडलं तर काहीही जळत नाही, फक्त संध्याकाळ जाते.

पायरी दुसरी : क्लॉक

वायर बसली, आवाज आला, आपण आनंदाने चहा टाकला. इथेच बहुतेक मार्गदर्शिका संपतात आणि खरं प्रकरण सुरू होतं.

डिजिटल यंत्र आवाज अखंड साठवत नाही. सेकंदाला ४८,००० वेळा तो मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. मोजायची वेळ झाली हे त्याला सांगायला आत एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तोच क्लॉक. तुमच्या पहिल्या यंत्रात एक क्लॉक आहे, दुसऱ्यात एक आहे, आणि दोघंही ‘मी सेकंदाला ४८,०००’ असं छातीठोक सांगतात. दोघंही थोडं खोटं बोलतात. दोघांत दहा लाखांत दहाचा फरक असला, जो अगदी मामुली समजला जातो, तरी साधारण दर दोन सेकंदांनी एक नमुना, म्हणजे मोजलेला एक आकडा, जास्त येतो किंवा कमी पडतो. जास्त आला तर घेणारं यंत्र तो टाकतं, कमी पडला तर आधीचाच पुन्हा वापरतं. त्या क्षणी ‘टिक्’ होतं.

ही टिक् फार मायावी असते. ढोलकीत ऐकू येत नाही. कोरसमध्ये तर नाहीच नाही. गायिका एकटीच मंद्रातला षड्ज लावून उभी राहते तेव्हा नेमकी येते. मग संशयितांना बोलावणं जातं. माइक बदलतात. वायर बदलतात. पंखा बंद करतात, मग गायिकेला घाम येतो, मग पंखा चालू करतात. तिच्या बांगड्या काढून ठेवायला सांगतात. खिशातले मोबाइल बाहेरच्या खोलीत जातात. प्लग-इन एकेक करून बंद केले जातात. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे का ते बघायला धाकट्याला पाठवतात. शेवटी कुणीतरी हलकेच सुचवतो की स्टुडिओ आग्नेयेला आहे, तिथे अग्नीचं स्थान. क्लॉकवर मात्र कुणी संशय घेत नाही, कारण तो दिसत नाही आणि पडद्यावर तर ‘४८ किलोहर्ट्झ’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. दोन्ही पडद्यांवर.

गणपतीत ढोल-ताशा पथक ऐका. ढोल पन्नास असोत की शंभर, चाल धरून ठेवतो तो ताशा, आणि ढोल त्याच्या मागे जातात. दोन ताशेवाले आपापल्या मनाने चालू लागले की चौकात काय होतं ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. स्टुडिओतही चाल एकानेच धरायची. त्याला मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी आपापले क्लॉक गुंडाळून ठेवायचे आणि त्याच्या मागे जायचं.

यंत्रं दोन असली की चूक करायच्या मुख्य तऱ्हा दोनच आहेत, आणि नवशिक्याला दोन्ही सापडतात. पहिली, दोन्ही यंत्रं ‘इंटर्नल’वर. म्हणजे दोघेही मास्टर. नवं यंत्र खोक्यातून याच अवस्थेत बाहेर येतं, त्यामुळे ही चूक करायला काहीच करावं लागत नाही. दुसरी चूक जरा अभ्यास केलेल्या माणसाची. त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की बाहेरचा क्लॉक घ्यावा. तो दोन्ही यंत्रांमध्ये येणारी-जाणारी अशा दोन वायरी घालतो आणि दोन्ही यंत्रं ‘एक्स्टर्नल’वर ठेवतो. आता पहिलं दुसऱ्याच्या मागे आणि दुसरं पहिल्याच्या मागे. ‘आधी आपण’, ‘छे छे, आधी आपण’ असं चालू राहतं, दोन्हीकडचे दिवे लुकलुकत राहतात, आणि रेकॉर्ड केलेला आवाज कुठल्या जगातून आला ते सांगता येत नाही.

पायरी दुसरी, पुन्हा

वरचा भाग करमणूक म्हणून वाचून आपण पुढे आला असणार, म्हणून तोच कोरडेपणाने सांगतो.

आठ माइकच्या डब्यापासून इंटरफेसकडे एकच वायर येत असेल तर मास्टर कोण हे आपल्या हातात राहत नाही. एडॅट आणि एस्पीडिफमध्ये आवाजाच्या आकड्यांबरोबर क्लॉकही वाहत येतो, आणि तो पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडेच येतो. म्हणून डबा ‘इंटर्नल’वर, त्याचा दर ४८. इंटरफेसच्या मेन्यूत क्लॉक सोर्स ‘एडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेशन ४८ चं. तीन ठिकाणं. तीनही पाहायची.

जाणारी वायरही घातली तर उलटं करता येतं : इंटरफेस इंटर्नल, डबा एडॅटच्या मागे. जमत असेल तर मी हेच सुचवीन. डबा मास्टर असताना तो कुणी बंद केला तर इंटरफेसचा आधारच जातो आणि गाणं तिथल्या तिथे बसतं किंवा स्पीकरमधून खरखर सुटते. घराघरांत जाता-येता दिवे, पंखे आणि लुकलुकणारं जे दिसेल ते बंद करणारी एक व्यक्ती असते, आणि तिला मास्टर-बिस्टर सांगून उपयोग नसतो. इंटरफेस कॉम्प्युटरला जोडलेला असल्यामुळे त्याच्याकडे हात जरा बिचकत जातो.

चालू करतानाही आधी मास्टर, मग मागचे, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना सगळ्यात आधी स्पीकर. हा क्रम चुकला तर स्पीकरच्या पडद्याला जो दणका बसतो तो शेजाऱ्यांनाही ऐकू जातो.

एक दुसरा इंटरफेस आहे, तोही यूएसबीने लावू, दोन्ही एकदम चालवू, असा मोह होईल. मॅकवर दोन यंत्रं मिळून एकच असल्याचा देखावा करता येतो. तसं केलंत तर मागे चालणाऱ्या यंत्रापुढच्या ‘ड्रिफ्ट करेक्शन’च्या चौकटीत खूण करा. विंडोजवर एएसआयओचा ड्रायव्हर बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच घेतं. देवाने तिथे आपल्याला वाचवलं आहे असं समजावं.

पट्टी बदलते तेव्हा

क्लॉकचा दुसरा चमत्कार टिक्-पेक्षा रंजक आहे. समजा सेशन ४४.१ चं आहे. गाणं काळी एकमध्ये रेकॉर्ड झालं आहे. दुसऱ्या दिवशी डबा जोडला, तो ४८ वर होता, इंटरफेस मुकाट त्याच्या मागे गेला. सॉफ्टवेअरला याची गंधवार्ता नाही. आता ४४,१०० आकडे जिथे एक सेकंद पुरायचे तिथे यंत्र सेकंदाला ४८,००० खातं आहे. पाच मिनिटांचं गाणं साधारण ४ मिनिटं ३६ सेकंदांत आटोपतं, आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, चढते.

हे कुणालाच कळत नाही. तबला, तानपुरा, बासरी सगळं एकदमच चढलेलं असतं, त्यामुळे आपापसात सगळं सुरेल. गाण्यात जरा जास्त तरतरी आली आहे असं निर्मात्याला वाटतं आणि तो खूश होतो. गायिकेला वाटतं, आवाज कोवळा लागला. भांडं फुटतं ते पेटीवाला आल्यावर. तो कानाला हेडफोन लावतो, काळी एक दाबतो, तोंड वाकडं करतो. पांढरी दोन दाबतो, पुन्हा तोंड वाकडं. काळी दोन. मग हात थांबवून विचारतो, ‘ही पट्टी कुठली?’ ही पट्टी पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मधल्या फटीत आहे, आणि तिथे पेटीला पट्टी नाही. ज्या स्टुडिओत पेटीवाला येत नाही तिथे अशी गाणी प्रकाशितही होतात.

आता ४४,१०० हा विचित्र आकडा कुणी काढला म्हणाल तर तो व्हिडिओ कॅसेटवाल्यांचा. सत्तरीच्या दशकात डिजिटल आवाज साठवायला पुरेसं मोठं असं व्हिडिओ टेपशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं. मग आकडे चित्राच्या रेषांत दडवून टेपवर लिहायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरायच्या २४५ रेषा, रेषेला ३ नमुने. गुणाकार करा. आपल्या आणि युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड, २९४ रेषा, ३ नमुने. पुन्हा गुणाकार करा. दोन्हीकडे ४४,१०० येतात. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन, आणि आपण अजून तो वागवतो आहोत. सीडी वाजवायचं यंत्र घरात उरलेलं नसतानाही. चित्राबरोबर जाणारा आवाज ४८ वर असतो. एखाद्या गाण्याला पुढे व्हिडिओ होणार असेल, आणि आजकाल कुठल्या गाण्याला होत नाही, तर पहिल्या दिवसापासून ४८ वर काम करा आणि हा प्रश्न मिटवा.

तीन यंत्रं झाली की

तिसरं यंत्र येतंच. मग एकामागे एक अशी आगगाडी करण्यापेक्षा क्लॉक वेगळ्या वायरीने वाटतात. त्याला वर्ड क्लॉक म्हणतात, आणि त्याचा गोल जॅक, बीएनसी, हा सगळ्या स्टुडिओतला सगळ्यात समाधान देणारा जॅक आहे. खाचेत घालायचा, दाबायचा, पाव वळसा द्यायचा, टक्कन बसतो. ओढला तरी निघत नाही.

वायर पुन्हा ७५ ओहमची. इथे एक उपयुक्त माहिती : गल्लीतला केबलवाला खांबावरून तुमच्या गॅलरीत जी वायर सोडून गेला ती ७५ ओहमची असते. जुन्या कॉम्प्युटर लॅबमधून, नेटवर्कची म्हणून, दोन्ही टोकांना झकास बीएनसी लावलेली जी वायर कुणी प्रेमाने आणून देतं ती ५० ओहमची. म्हणजे दिसायला घरंदाज तीच चुकीची.

एका वायरीवर अनेक यंत्रं टांगायची तर प्रत्येकाच्या मागे इंग्रजी टीच्या आकाराचा जोड लावतात आणि शेवटच्या यंत्रावर एक छोटं बूच, त्याला टर्मिनेटर म्हणतात. त्यात ७५ ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसला तर सिग्नल टोकाला आपटून परत फिरतो आणि मधल्या यंत्रांना एकाच्या जागी दोन ठोके दिसल्यासारखं होतं. काही यंत्रांत हे बूच आतच असतं आणि मागे एक इवलंसं बटण असतं. मधल्या यंत्राचं ते बटण चालू राहिलं आणि शेवटी बूचही लावलं तर सिग्नल अर्धमेला होतो. तेव्हा शेवटी एक, मधे शून्य. मास्टरमध्ये क्लॉकची बरीच आउट असतील तर प्रत्येकाला वेगळी वायर द्या आणि टी-बी विसरून जा. मग मात्र प्रत्येक वायरीच्या टोकाला टर्मिनेशन हवं.

क्लॉक विकत घ्यावा का

या टप्प्यावर एक गृहस्थ भेटतील. ते हळू आवाजात बोलतात. त्यांच्या मते तुमच्या आवाजाला ‘खोली’ नाही, आणि ती एका वेगळ्या डब्यातून येते. त्या डब्यात फक्त क्लॉक असतो, पुढे एक निळा दिवा असतो, आणि किंमत दुचाकीएवढी असते. तो लावल्यावर झांजा कशा मोकळ्या झाल्या ते ते हात पसरून दाखवतात.

तीन-चारपेक्षा जास्त यंत्रं असतील, चित्राबरोबर काम असेल, तर असा डबा सोयीचा आहे. सगळ्यांची चाल एका ठिकाणाहून मिळते. पण आवाज सुधारण्यासाठी तो घेऊ नये. चांगला कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारं यंत्र, सहसा आपल्या पोटातल्या स्फटिकावर सगळ्यात नीट चालतो, कारण तो दोन बोटांवर असतो. बाहेरचा क्लॉक वायर ओलांडून येतो आणि यंत्राला तो आधी गाळून घ्यावा लागतो. ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकाने २०१० मध्ये बाहेरचे क्लॉक वेगवेगळ्या कन्व्हर्टरना लावून मोजमाप केलं, तेव्हाही हेच दिसलं. एक इंटरफेस आणि एक डबा असणाऱ्या माणसाने हे पैसे खोलीच्या दारावर खर्चावेत. कुकरचा प्रश्नही जरा हलका होईल.

चित्र आलं की

क्लॉक फक्त चाल सांगतो. आत्ता आपण कुठे आहोत, दुसऱ्या कडव्यात की शेवटच्या, हे त्याला माहीत नसतं. ते टाइमकोड सांगतो : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. उलट टाइमकोडला नुसतं ठिकाण कळतं. म्हणून केवळ टाइमकोडवर विसंबून दोन यंत्रं एका क्षणी सुरू केली तरी ती एकत्र संपत नाहीत.

कीर्तनाच्या शूटिंगमध्ये हे हमखास दिसतं. कॅमेरा एकीकडे, आवाजाचा रेकॉर्डर दुसरीकडे, दोघांना जोडणारं काही नाही. पूर्वरंगात चिपळ्यांचा आवाज आणि हात जुळलेले असतात. दोन क्लॉकांत दहा लाखांत पन्नासचा फरक असला तर तासाभराने ०.१८ सेकंदाची तफावत पडते. सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने साडेचार फ्रेम. उत्तररंगात बुवांच्या चिपळ्या आधी मिटतात आणि मग वाजतात. एडिटरला हे सांगू नका, त्याला माहीत आहे. तो दर दहा मिनिटांनी आवाज कापून सरकवतो आणि मनातल्या मनात तुम्हाला ओळखून असतो.

आपल्याकडे टीव्हीचं काम २५ फ्रेमवर, सिनेमाचं २४ वर. डबिंगला बसण्याआधी कुठलं ते विचारा आणि लेखी घ्या. ‘बहुतेक चोवीसच असेल’ असं उत्तर येईल. ‘बहुतेक’ हा फ्रेम रेट नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळासाठी काही करत असाल तर २९.९७ नावाचा प्रकार भेटेल आणि त्याच्यापुढे ‘ड्रॉप फ्रेम’ लिहिलेलं असेल. घाबरू नका, त्यात एकही चित्र टाकत नाहीत. दर मिनिटाला फक्त दोन नंबर गाळतात, आणि दर दहाव्या मिनिटाला तेही गाळत नाहीत. तासाला १०८ नंबर. हे का करतात ते समजून घ्यायला बसलात तर त्या दिवशी रेकॉर्डिंग होणार नाही.

डान्टेसारखी नेटवर्कवरून आवाज नेणारी व्यवस्था असेल तर तिथे यंत्रं आपापसात ठरवून मास्टर निवडतात, आणि आपल्याकडच्या निवडणुकांच्या मानाने फारच लवकर निवडतात. नेटवर्क स्विचमधली वीजबचतीची सोय तेवढी बंद करा. बाकी सुखाने चालतं.

टिक् कुठली, हे ओळखणे

सगळ्याच टिक् क्लॉकच्या नसतात. कॉम्प्युटरचा बफर फार लहान ठेवला, ३२ किंवा ६४, की त्याची दमछाक होते आणि तोही टिकटिकतो. फरक असा की ट्रॅक वाढवले, प्लग-इन चढवले की बफरची टिक् वाढते, आणि बफर २५६ केला की जाते. क्लॉकच्या टिक्-ला कॉम्प्युटरच्या दमछाकीशी काही देणंघेणं नसतं. रिकाम्या सेशनमध्ये एकच ट्रॅक घेतला तरी ती येते, रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्येच बसते, आणि नंतर काही केल्या निघत नाही.

तपासायची सोपी रीत अशी. गायक यायच्या आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आठ माइकच्या डब्यातून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. प्लग-इन नाही, इफेक्ट नाही. मग हेडफोन लावून ऐका, मोठ्याने. जवारीच्या झंकारात टिक् चटकन पकडता येत नाही, म्हणून त्याच वाटेने एक हजार हर्ट्झची सरळ शिट्टीही दोन मिनिटं घ्या. तिच्यात एकही टिक् लपत नाही. ऐकायला भिकार असते, घरचे दार बंद करतील, पण ऐका. शिट्टी स्वच्छ आली तर दोन्ही यंत्रांच्या मेन्यूचा फोटो काढून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका, कारण पुढच्या वीज जाण्यात काही यंत्रं सगळं विसरून पुन्हा ‘इंटर्नल’वर जातात.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी, रोज, ‘लॉक’चा दिवा पाहा. स्थिर असेल तर टेक घ्या. लुकलुकत असेल तर गायकाला अजून एक चहा सांगा आणि मेन्यू उघडा. काही झालं तरी त्याला आत बोलावू नका.